धमकीवाल्या बंगल्याचा बंदोबस्त

मी हवालदार सुदाम रोकडे, निवृत्त. गाव पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. पलटणीत एकोणीस वर्षं काढली. सिव्हिलियन वाचकांसाठी आधीच खुलासा करतो, फौजेतला हवालदार म्हणजे दंडावर तीन फिती. पोलीस हवालदार वेगळा. माझ्या सासुरवाडीला हा फरक अजून समजलेला नाही. तिथं कुणाची म्हैस चोरीला गेली की मलाच बोलावतात.

पेन्शनवर आलो आणि दुसऱ्याच महिन्यात नवीन पोस्टिंग मिळाली. ठिकाण, महाळुंगे पडवळच्या शिवारातला एक बंगला. टास्क, व्हीआयपी प्रोटेक्शन. व्हीआयपी म्हणजे मुंबईचे एक सोन्याचांदीचे व्यापारी. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. नाव सांगणार नाही. नाव सांगायचं नाही अशी मला ऑर्डर होती, आणि ती ऑर्डर आजपर्यंत कोणी रद्द केलेली नाही.

शेठना पेढीवर फोन यायचे. "तुला संपवणार" एवढंच बोलून माणूस फोन ठेवायचा. नव्वदच्या दशकात मुंबईत असे फोन आले की व्यापाऱ्याची झोप उडायची. शेठची उडाली. पोलिसांनी सल्ला दिला, काही महिने मुंबई सोडा. बायकामुलं गेली गुजरातला, आणि शेठ आले आमच्याकडे, एक स्वयंपाकी आणि सात बॅगा घेऊन.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला फॉल-इन केलं. "रोकडे, मी इथे आहे हे कोणालाही कळता कामा नये. कोणी विचारलं तर सांगा, रिटायर्ड हेडमास्तर आहेत, हवापालटाला आलेत."

"येस सर," मी म्हणालो. त्यांच्या चार बोटांत चार अंगठ्या होत्या. असा हेडमास्तर मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण ऑर्डर ती ऑर्डर.

माझा टू-आयसी, म्हणजे हाताखालचा दोन नंबर, होता नायक दगडू गवारी, मुक्काम आहुपे. तोही फौजी, दुसऱ्या पलटणीचा. रात्रीला दोन स्थानिक पहारेकरी असायचे. त्यांचा या हकिकतीत काही रोल नाही, कारण ते झोपलेले असायचे.

मी एसओपी लिहून काढली. ०५३० ला उठणं. ०६०० ला कुंपणाची फेरी. गेटवर रजिस्टर, त्यात येणाऱ्याचं नाव, गाव, काम, वेळ. थैली-पिशवीची झडती. दोन वॉकी-टॉकी, मी अल्फा, दगडू ब्राव्हो. रोजचा पासवर्ड वेगळा. पासवर्ड सांगितल्याशिवाय दूधवालीलासुद्धा आत सोडायचं नाही.

दूधवाली सगुणाआक्का तिसऱ्या दिवसापासून बांधावरूनच ओरडायला लागली, "ओ हवालदार, आज 'पेरू' हाय ना? मी येतेय ओ, पेरू, पेरू!" सगळ्या शिवाराला त्या दिवसाचा पासवर्ड कळायचा. मी तिला म्हणालो, "आक्का, हळू बोलायचं असतं." तर म्हणते, "हळू बोल्ले तर तुमाला ऐकू कसं जाईल?" काय बोलणार, कप्पाळ!

नवव्या दिवशी मी मंचरहून एसटीने परत येत होतो. बंगल्याच्या फाट्यावर कंडक्टरने घंटी मारली आणि पुकारा केला, "चला, धमकीवाला बंगला! धमकीवाला बंगलावाले उतरा पटापट!"

माझं डोकंच फिरलं. खाली उतरण्याआधी त्याची कॉलर धरायची बाकी ठेवली. "कोण म्हणालं तुला धमकीवाला बंगला?"

"म्हनायचं काय त्यात, भाऊ? ज्याला धमकी आलीय त्याचा बंगला."

"हेडमास्तर राहतात तिथं!"

"आसं कसं, राव. मास्तरच्या बंगल्याला दोन-दोन मिल्ट्रीवाले कशाला लागतात?"

गाडीतले सगळे हसले. मी उतरलो. चालता चालता लक्षात आलं की गुपित आम्हीच फोडलं होतं. बंदोबस्त नसता तर कोणाला संशयही आला नसता.

आता दगडूबद्दल सांगतो. शिपाई म्हणून एक नंबर. बूट चकाचक, टर्नआउट कडक. पण गेटवर उभं करायला एकदम बेकार माणूस. दोष त्याच्या गावाचा. आहुपे म्हणजे डोंगराच्या पार टोकाला, तेव्हा एसटी येईल तर येईल. आलेला माणूस लगेच परत जाऊच शकत नाही, म्हणून दारात कोणीही दिसला की आधी पाणी, मग जेवण, मग काम काय ते. दगडूच्या हाडात हे मुरलेलं. गेटवर कोणी आला की हा विचारणार, "कुठलं पावणं? आडनाव काय? मामाचं गाव कंचं? लगीन झालंय का? जेवला का?" आणि ज्या प्रश्नासाठी मी त्याला तिथं उभा केला होता, तो तेवढा विसरणार.

मी रोज संध्याकाळी रजिस्टर तपासायचो. कामाच्या रकान्यात दगडूने लिहिलेलं असायचं, "शेळी हुडकत आला. च्या दिला." "मुलगी बघायला निघालेत. रस्ता सांगितला. पोरगं चांगलं वाटलं." मी लाल पेनने रेघ मारून लिहायचो, इर्रेग्युलर. तो खाली सही करायचा, नोटेड.

थंडी संपताना एक दिवस मी वॉकी-टॉकीच्या बॅटऱ्या आणायला मंचरला गेलो. १३०० वाजता परत आलो, रजिस्टर उघडलं. नोंद अशी होती. "१०१५. एक पावणा. मुंबईचा. नाव सांगंना. उपाशी व्हता. तीन भाकरी, पिठलं, कांदा. ११४० च्या गाडीत बसवला."

"गवारी!"

"जी, हवालदारसाहेब."

"मुंबईचा माणूस. नाव नाही. काम नाही. झडती घेतली?"

"न्हाई."

"का?"

"जेवत व्हता ओ. जेवत्या माणसाची झडती कशी घ्यायची? बिचारा पिशवी मांडीवरनं खाली ठेवंना. म्हनलं, ठेव बाबा, कुत्रं न्हाई न्यायचं. तरी ठेवली न्हाई."

माझा पारा चढला. मी त्याला तिथल्या तिथं पिठ्ठू लावला. पाठीवर वाळूची गोणी, बंगल्याभोवती दहा चक्कर. चाळिशी ओलांडलेला माणूस. स्वयंपाकी खिडकीतून बघत होता. दगडूने दहा चक्कर पूर्ण केल्या, गोणी ठेवली, सावधान उभा राहिला. मी म्हणालो, "पुन्हा अशी नोंद दिसली तर घरी पाठवीन. शेठच्या जिवाशी खेळ आहे हा." त्याची थोरली मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. नोकरीची त्याला किती गरज आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच तसं बोललो.

"चूक झाली, हवालदारसाहेब," तो म्हणाला.

चैत्रात गावची जत्रा आली. आमच्या भागात जत्रा म्हणजे बैलगाडा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्टीवर, गाडे पळतात, दोन्ही अंगाला माणसांचा समुद्र, आणि माचाणावर माईक घेतलेला निवेदक. महाळुंग्याच्या घाटाचा निवेदक होता बबनराव. गाडा सुटला की ह्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. आणि घाटात कोणीही पावणा आला की त्याचं नाव माईकवरून घ्यायचं, ही त्या घाटाची रीत. नाव घेतलं नाही तर माणूस वर्षभर रुसून बसतो.

शेठ चार महिने घरात बसून कंटाळले होते. मला म्हणाले, "रोकडे, मी आता भिंतीशी बोलायला लागलोय. परवा तिने उत्तर दिल्यासारखं वाटलं. मला शर्यत बघायचीय."

मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले, मग मी रेकी केली. प्लॅन असा ठरला. शेठना धोतर, सदरा, पांढरी टोपी. अंगठ्या काढायच्या. एक अंगठी निघेना, तिला फडकं बांधायचं. माचाणावर सरपंचांच्या डाव्या हाताची खुर्ची. मी मागे तीन पावलांवर. दगडू साध्या कपड्यांत, बुटांऐवजी वहाणा, घाटाच्या तोंडाशी, येणाऱ्या गाड्यांवर नजर. सरपंचांना आणि बबनरावला मी आदल्या दिवशी स्वतः भेटून बजावलं, शेठचं नाव माईकवरून घ्यायचं नाही.

"बिनघोर ऱ्हावा," बबनराव म्हणाला. "नाव म्हनून घेनार न्हाई."

१०२० ला शेठ खुर्चीत बसले. चौथ्या बारीला, म्हणजे चौथा गाडा सुटला तसे, ते उभं राहून टोपी उडवायला लागले. मी खाली बसवलं.

१०५० ला सेट वाजला. "अल्फा फॉर ब्राव्हो, ओव्हर."

"अल्फा, पास युवर मेसेज, ओव्हर."

"पांढरी मारुती, मुंबईची पाटी. दोन माणसं, काळं चष्मं. सकाळपासनं शेठलाच इचारत्यात म्हनं. एकाच्या हातात पिशवी हाय. ओव्हर."

मी बटण दाबलं. "नजर ठेव. मी शेठना हलवतो. ओव्हर अँड आउट."

मी शेठच्या कानाशी वाकलो, आणि नेमक्या त्या क्षणाला बबनरावने माईक तोंडाला लावला.

"मंडळी! आज आपल्या घाटाचं भाग्य थोर! धमकीवाल्या बंगल्याचे मालक आपल्यात बसल्यात! त्यांचं नाव गुप्त हाय, त्यामुळं नाव मी घेनार न्हाई! कुनी इचारूबी नका! पन सरपंचांच्या डाव्या हाताला, पांढरी टोपी, बोटाला फडकं बांधलंय, तेच आपले पावणं! टाळ्या वाजवा!"

घाट टाळ्यांनी दणाणला. शेठ सवयीने उठले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

त्या दोघांनी आमच्याकडे पाहिलं आणि गर्दी कापत निघाले. दगडू त्यांच्या पुढे पळत आला. घाटाच्या तोंडापासून माचाणापर्यंत चढ आहे, पण त्या दिवशी तो पंचविशीतला पोऱ्या वाटत होता. आल्या आल्या त्याने शेठच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. खिशातला रुमाल बोटाला गुंडाळला. म्हणाला, "शेठ, उठा." आणि स्वतः खुर्चीत बसला.

त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

मी शेठना ओढून माचाणाखाली नेलं, जमिनीवर पालथं पाडलं आणि अंगावर आडवा झालो. ड्रिल तसंच आहे. वर अंथरलेल्या ताडपत्रीच्या फटीतून मला दगडूचे फक्त पाय दिसत होते. जुन्या टायरच्या वहाणा. दोन चकचकीत बूट त्यांच्या समोर येऊन थांबले. दगडूच्या वहाणा जागच्या हलल्या नाहीत. त्या हलाव्यात, त्याने पळून जावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण मी शेठच्या अंगावरून उठू शकत नव्हतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा घडली, ती नंतर उमजली. घाटातल्या प्रत्येकाला दगडू माहीत होता. निम्म्या गावाने त्याच्या हातचा चहा प्यायला होता. खुर्चीत कोण बसलंय ते सगळ्यांनी पाहिलं. ज्या गावाने नऊ दिवसांत आमचं गुपित एसटीच्या स्टॉपपर्यंत नेलं, त्या गावात कोणी ब्र काढला नाही. सगुणाआक्कासुद्धा गप्प. आणि बबनराव माईकवर म्हणाला, "हां, हेच ते शेठ. नीट बघून घ्या."

"आपणच का ते धमकीवाले शेठ?" बूटवाल्याने विचारलं.

"मीच," दगडू म्हणाला.

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला. मी डोळे मिटले.

"आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या, मुंबई शाखेच्या वतीने, आपला सत्कार!"

शाल निघाली. नारळ निघाला. ते दोघे पलीकडच्या तालुक्यातल्या एका गावचे मुंबईकर होते. त्यांच्या गावची जत्रा पुढच्या आठवड्यात होती आणि त्यांना प्रमुख पाहुणा पाहिजे होता. आता एक विचार करा. शेठ इथं लपलेत हे मुंबईच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये चर्चेला येऊन, ठराव पास होऊन, त्याला अनुमोदनसुद्धा मिळालं होतं.

बबनरावने माईक दगडूच्या हातात दिला. "शेठ, दोन शब्द."

दगडूने घसा खाकरला. "मी... रिटायर मास्तर हाय. माझं एवढंच म्हननं हाय, की पोरींना शिकवा." जोरात टाळ्या पडल्या.

माझ्या खालून आवाज आला, "रोकडे, माझी बरगडी."

दगडू शाल पांघरून माचाणावरून उतरला. मला त्याला मिठी मारायची होती. पण मी म्हणालो, "ऑर्डर नसताना पोस्ट का सोडलीस?"

"चूक झाली, हवालदारसाहेब."

असा मी माणूस. काय सांगू तुम्हाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक सब-इन्स्पेक्टर बंगल्यावर आले. फोन करणारा सापडला होता. टोळीबिळी काही नव्हती. शेठच्या पेढीवरून काढून टाकलेला एक कारागीर होता. एकटा माणूस, डोक्यात राख घालून घेतलेला. सब-इन्स्पेक्टर म्हणाले, "तो इथे येऊन गेलाय. गावठी पिस्तूल घेऊन. पत्ता बसच्या कंडक्टरने सांगितला म्हणतो. रजिस्टर दाखवा."

मी रजिस्टर दिलं. त्यांनी पानं उलटली. एका नोंदीवर थांबले आणि मोठ्याने वाचली. "एक पावणा. मुंबईचा. नाव सांगंना. उपाशी व्हता. तीन भाकरी, पिठलं, कांदा."

"पिस्तूल पिशवीत होतं," ते म्हणाले. "मांडीवर. जबाबात म्हणतो, गेटवरच्याला आधी उडवून आत घुसणार होतो. पण त्याने आई आहे का विचारलं, मुंबईत जेवायचे हाल होत असतील म्हणाला, आणि ताटात तिसरी भाकरी वाढली. मग जमलं नाही म्हणतो. त्या माणसाने बसपर्यंत सोडायला येऊन खिडकीशी हात केला म्हणे. परत फोनही केला नाही." मग त्यांनी माझी लाल रेघ बघितली. "हे इर्रेग्युलर कोणी लिहिलंय?"

मी सांगितलं, मी लिहिलंय.

दगडू तेव्हा गेटवर एका ट्रॅक्टरवाल्याला मामाचं गाव विचारत होता. मी त्याच्याकडे गेलो. पिठ्ठूच्या त्या दहा चक्कर माझ्या डोळ्यांसमोर होत्या. चूक माझी होती, एवढंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "गवारी, गेटवर पाण्याचा माठ ठेव. उन्हं वाढलीत."

"जी," तो म्हणाला, आणि हसला. त्याला बहुतेक कळलं होतं. पण बहुतेकच.

शेठ मुंबईला परत गेले. बंगला ठेवला, आम्हालाही ठेवलं. दर जत्रेला येऊन ते त्याच खुर्चीत बसायचे, चारही अंगठ्या घालून. एसटीच्या स्टॉपचं नाव मात्र बदललं नाही. दगडूची पोरगी नर्स झाली.

दोन हजार चार साली, माघात, दुपारी १४१५ वाजता दगडू गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट. समोर रजिस्टर उघडं होतं. शेवटची नोंद, "१३५०. म्हातारी, आळंदीकडं चाललीय. पाणी दिलं. पाय सुजलेत तिचं." आहुप्याला मातीला मी युनिफॉर्ममध्ये गेलो. पलटण सुटून वर्षं झाली होती, त्यामुळे तिरंगा नाही, बिगुल नाही. मला ते फार लागलं. खुर्चीत बसलेला तो माणूस मी पाहिला होता, आणि कागदावर त्याचं काहीच नव्हतं.

त्या चैत्रात जत्रेला गेलो. शेठ आले होते, पण खुर्चीत बसले नाहीत, शेजारी उभे राहिले. बारी संपली आणि बबनरावने पुढचा गाडा थांबवला. घाटात गाडा थांबवणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "एका जत्रंला ह्या खुर्चीत एक माणूस बसला व्हता. म्या माईकवरनं सांगितलं, हेच ते शेठ. मी खोटं बोललो व्हतो. तुमा समद्यांना ते ठावं व्हतं, आन् तुमी समदे गप बसला व्हता. आज गप बसायचं काय कारन न्हाई. नाव घेतो. नायक दगडू गवारी! मुक्काम आहुपे!"

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक उठून उभे राहिले. मी सावधान झालो आणि रिकाम्या खुर्चीला सॅल्यूट केला.

"चूक झाली, दगडू," मी म्हणालो. या वेळी मोठ्याने म्हणालो.